केरीच्या मुखावरचा दोर

शनिवार, कार्तिक वद्य त्रयोदशी. संध्याकाळचे सात वाजून चाळीस मिनिटं. तेरेखोल नदी समुद्राला मिळते ते मुख, केरीच्या बाजूला. आकाशात चंद्र नाही. भरती लागलेली. होडीत दोन माणसं, सुदेश तारी आणि त्याची पुतणी समीक्षा.

एवढं पोलिसांनी लिहून घेतलं. पुढचं लिहायला त्यांचा हात चालला नाही, म्हणून ते तोंडानं सांगावं लागतं. फोन उपडे ठेवा, पोरांनो. आणि गौरेश, तू मध्येच 'काका, हे खरं का' म्हणून विचारू नकोस. खरं-खोटं ठरवायला सरकारनं पगारी माणसं नेमली आहेत. त्यांनी काय ठरवलं तेही ऐकशील.

सुदेश म्हणजे केरीच्या तारी घराण्यातला धाकटा. फायबरची होडी, तिला मागे इंजिन. हिवाळ्यात पर्यटकांना डॉल्फिन दाखवायचे, एरवी मासे मारायचे. भित्रा नाही आणि बढाईखोरही नाही. त्या दिवशी सकाळी तो निघाला ते अगदी घरगुती कामाला. वेंगुर्ल्याला मालतीआतेकडे माहेरचं वाण पोचवायचं होतं.

ताऱ्यांच्या घरात ही जुनी चाल आहे. तुळशीचं लग्न झालं की वेंगुर्ल्याला दिलेल्या लेकीला वाण जातं. नव्या भाताचे उकडे तांदूळ, नारळ, मिरी, एक साडी. आणि ते पाण्यानं जातं. वेंगुर्लं म्हणजे डचांची वखार होती ते बंदर. ताऱ्यांचे पणजे तिथे नारळ आणि सुंभ घेऊन होड्या हाकायचे, त्याच ओळखीतून सोयरिकी झाल्या. आज स्कूटरवरून तासाभरात पोचता येतं. पण वाण रस्त्यानं आलं तर मालतीआते ते उंबऱ्याच्या आत घेत नाही. तसंच ठेवून देते पायरीवर, कावळ्यांना.

यंदा मात्र या वाणाला दुसरंच वजन आलं होतं. मुखावर एक कंपनी श्रीमंतांच्या बोटींसाठी धक्का बांधते आहे. नाव घेत नाही. मोठं आहे, आणि तुम्ही रोज येता-जाता त्याची पाटी वाचता. पाटीवर लिहिलंय की सूर्यास्तानंतर स्थानिक होड्यांना मुखातून ये-जा बंद. हा नियम कुणी केला? कंपनीनं. समुद्र कुणाचा? ते पाटीवर नाही. गावानं तक्रार केली, सुनावणी लागली, पुढच्या सोमवारी. कंपनीनं लेखी उत्तर दिलं त्यात दोन गोष्टी ठासून म्हटल्या होत्या. या मुखातून गावाची वहिवाटीची पाण्याची वाट उरलेली नाही. आणि आम्ही पात्रात कसलंही वजन, कसलाही ठोकळा टाकलेला नाही.

दुसरी गोष्ट सुदेशच्या घरात जाऊन लागली. कारण दोन वर्षांपूर्वी, गणपती होऊन थोडे दिवस झाले असतील, त्याचा थोरला भाऊ जयराम त्याच मुखात बुडाला. समीक्षाचा बाप. बरोबर होडीवरचा गडी रुद्रेश होता, तो पोहून बाहेर आला आणि त्यानं सांगितलं की इंजिनाच्या पंख्यात नायलॉनचा दोर गुंडाळला गेला, दोराचं दुसरं टोक खाली कशाला तरी जखडलेलं होतं, होडी मागून धरल्यासारखी थांबली आणि लाटा मागून आत आल्या. चौकशीला आलेले साहेब दुपारच्या उन्हात वाळूवर उभे राहिले, पाण्याकडे बघितलं, शहाळी प्यायले आणि गेले. अहवालात आलं की दोघेही दारू प्यायलेले होते.

जयराम पीत नव्हता असं मी म्हणणार नाही. पीत होता. पण तो सोमवार होता, आणि सोमवारी जयराम थेंबाला शिवत नसे हे केरीतलं कुत्रंही सांगेल. कुत्र्याची साक्ष घ्यायला कुणी आलं नाही. रुद्रेशची घेतली आणि खोडली.

म्हणून यंदा सुदेशनं ठरवलं, वाण तर न्यायचंच, पण उजळ माथ्यानं न्यायचं. समीक्षा म्हापशाला कॉलेजात शिकते. ती होडीत बसणार आणि जाता-येता सगळा प्रवास फोनवर टिपणार. सोमवारी सुनावणीच्या साहेबांसमोर ठेवायचं, ही बघा वाट, परवाच वापरली. आणि परत सूर्यास्तानंतरच यायचं. पाटीला हिणवायला म्हणून नव्हे. मुखावर वाळूची आडवी पट्टी आहे, तिच्यावर ओहोटीला गुडघाभर पाणी. त्या दिवशी ओहोटी संध्याकाळी होती. भरतीचं पाणी चढल्याशिवाय होडी आत येत नाही. त्याचा बाप असाच यायचा, आजा असाच यायचा. भरती कंपनीला विचारून लागत नाही.

वेंगुर्ल्याच्या बंदरावर मालतीआते सकाळपासून येऊन बसली होती. सत्तरी उलटलेली बाई, छत्री उन्हाला धरलेली, शेजारी नवरा सखाराम. होडी लागायच्या आधीच तिनं तोंड सोडलं.

"माशे इकीत इकीत इलंस काय रे? दुपार झाली."

सुदेश म्हणाला की इंजिन म्हातारं झालंय, आतेसारखं, थांबत थांबत बोलतं. त्यावर आते म्हणाली, मी कधी थांबले ते दाखव. सखाराम हसला. त्याला ऐकू कमी येतं, पण बायकोला कुणी बोललं की ते बरोबर ऐकू येतं. समीक्षा हे सगळं फोनवर घेत होती, तर आतेनं पदर सारखा केला आणि कॅमेऱ्याकडे बघून सांगितलं की माझ्या लग्नाचं वऱ्हाड याच पाण्यानं आलं, आणि ज्याला ते मान्य नसेल त्यानं माझ्या दारात येऊन बोलावं. मग बांगड्याचं तिखलं आणि भात झाला. आतेनं भावाच्या नातीला साखर घातलेली करंजी पुडीत बांधून दिली. हसत-खेळत दिवस गेला.

निघताना मात्र तिनं सुदेशला बाजूला घेतलं. रात्री राहा म्हणाली. सुदेशनं भरतीची वेळ सांगितली. आतेनं छत्री मिटली. मग हलकेच म्हणाली,

"मुखार तो उबो असता म्हणतत. जयराम. कमरेएवढ्या पाण्यात. दोराची वाट बघीत."

सुदेशला राग आला. आतेचा नाही, त्या म्हणणाऱ्यांचा. आधी त्याला दारुड्या ठरवला, आता भूत ठरवताय.

"आते, माझो भाव भूत नाय," तो म्हणाला. "जा आसान नाय म्हणून सांगतत, तेका भूत म्हणूचा. तसला एकच आसा त्या मुखात, आणि ता सिमेंटाचा आसा."

होडी दिसेनाशी होईपर्यंत आते बंदरावर उभी होती, हे समीक्षाच्या फोनवर आहे.

इथे एक सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. तुमच्यातल्या निम्म्यांनी रापण बघितलेली नाही. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. दोराचं एक टोक वाळूवरच्या माणसांकडे असतं, होडी समुद्रात वळसा घालते आणि दुसरं टोक आणून किनाऱ्याकडे फेकते. फेकणारा फक्त 'दोर' म्हणून ओरडतो. झेलणारा कोण ते बघायचं नाही. ज्याचा हात दोराला लागला तो रापणीचा माणूस, त्याला वाटा. गावचा, परगावचा, ओळखीचा, अनोळखी. आणि केरीत एक पाळणूक होती. जाळं वाळूवर येईपर्यंत दोरावरच्या माणसाचं नाव घ्यायचं नाही. हाक मारली की माणूस मान वळवतो, मान वळली की हात सैल होतो, एकाचा सैल झाला की सगळी ओळ पडते. जयराम तिथे पुढचा ओढणारा होता. त्याची ओढ वेगळी. दोन आखूड, एक लांब. बाकीचे त्याच्या मागे तसेच ओढायचे.

तर सात-चाळीस.

रेडीचे दिवे मागे पडले होते. तेरेखोलच्या किल्ल्याची काळी कड डाव्या हाताला होती. पुढे कंपनीचा मोठा दिवा, सगळा उजेड पाटीवर. पाण्यावर एक थेंब नाही. सुदेशनं इंजिन हळू केलं. पट्टीवर पाणी पुरेसं होतं, ते त्याला लाटेच्या आवाजावरून कळलं. समीक्षा नाळीशी, होडीच्या पुढच्या टोकाशी, बसून टिपत होती.

होडी पट्टी ओलांडून आत आली आणि थांबली.

इंजिन गुरगुरलं, कण्हलं आणि बंद पडलं. सुदेशनं पंख्याकडे हात घातला. नायलॉन. पंख्याला घट्ट वेढे. त्यानं खेचून बघितलं. खाली काहीतरी होतं. जड. हलत नव्हतं.

त्याला कळलं. समीक्षालाही कळलं होतं.

पहिली लाट मागून आली आणि त्याच्या मांडीपर्यंत भिजवून गेली. दुसरी आत आली. समीक्षा हातानं पाणी उपसू लागली. किनारा तसा जवळ. दिवसा ओरडलं तर पोरं येतील एवढा. पण अंधारात... तिथेच जयराम गेला होता. एवढ्याच जवळ.

आणि उजवीकडे, केरीच्या वाळूच्या बाजूला, उथळ पाण्यात आवाज झाला. माणूस पाण्यात पाय रोवून उभा राहतो, तसा. चुळुक. मग परत चुळुक.

सुदेश सवयीनं पुढे झेपावला. नाळीला बांधलेला रापणीचा जुना दोर होता, त्याची वळकटी उचलली, ओरडला "दोर" आणि आवाजाच्या दिशेनं फेकली.

कुणीतरी झेलली.

पाण्यात पडल्याचा आवाज आला नाही. दोर हवेतच थांबला. मग ताणला गेला.

सुदेशला हायसं वाटलं. आलं कुणीतरी. दोन श्वास तसं वाटलं. मग त्याला आठवलं. केरीच्या किनाऱ्यावर त्या दिवशी रापण नव्हती. आदल्या दिवशीही नव्हती. जयराम गेल्यापासून, कंपनीनं वाळूवर खांब मारल्यापासून, रापण लागलीच नव्हती.

दोर ओढला गेला. आखूड. आखूड. मग लांब.

होडी पुढे सरकली आणि मागचं नायलॉन ताठ झालं. आता ती दोघांमध्ये टांगल्यासारखी. पुढे तो दोर, मागे खालचं वजन. होडीतली आडवी लाकडं कुरकुरली.

समीक्षानं फोनचा दिवा लावला. त्या उजेडात सुदेशनं जे बघितलं ते त्यानं मला एकदाच सांगितलं, परत विचारलं तर उठून गेला. दोर पाण्यावरून वर चढत गेला होता. उथळ पाण्यावर, कमरेच्या उंचीला. तिथे त्याचं टोक होतं. टोकाला कुणी नव्हतं. नुसता दोर. ताठ.

आखूड. आखूड. लांब.

समीक्षाच्या तोंडून गेलं, "बाबा?"

दोर सैल पडला.

होडी गपकन मागे ओढली गेली. मागची कड पाण्याखाली गेली. लाट सरळ आत. समीक्षा कोसळली, फोन तिनं छातीशी धरला. सुदेश गुडघाभर पाण्यात होडीतच उभा. हातात सुरी होती. ती कधी काढली ते त्याला आठवत नाही.

"कापा, काका," समीक्षा म्हणाली. "मागचा दोर कापा."

कापला की सुटका होती. एक घाव. भरती त्यांना अलगद नदीत नेऊन सोडणार होती. पण कापला की तो ठोकळा तळाशीच राहणार. नसलेला. सोमवारी साहेब विचारणार, कुठे आहे? आणि जयराम दारुड्या म्हणूनच राहणार, कायमचा, कागदावर.

सुदेश तिला एवढंच म्हणाला, "कापूक येता. मगे तो ठोकळो परत कोणाकच गावचो नाय. तू सांग."

...

लाट आली. गेली.

"नका कापू," ती म्हणाली.

"मगे नाव घेव नको. काय दिसला तरी."

त्यानं सुरी कमरेला खोचली. पंख्यातल्या नायलॉनचा एक वेढा मागच्या आडव्या लाकडाला मारला आणि आवळला. मग पुढे आला. अंधाराकडे तोंड केलं. छाती भरून घेतली. हात जोडले नाहीत, गाऱ्हाणं घातलं नाही, नारळ कबूल केला नाही. रापणीवर ओरडतात तसा ओरडला.

"ओढा!"

काही नाही.

"ओढा! आमी धरलंहा!"

काही नाही. पाटीवरचा दिवा. पाणी.

मग दोर ताणला गेला.

आखूड. आखूड. लांब. पण आता ती एका माणसाची ओढ नव्हती. सुदेशनं उभ्या आयुष्यात रापण ओढली आहे, दोरावर किती माणसं आहेत ते त्याला तळव्याला कळतं. ती पुरी ओळ होती. वाळूवर पाय घसटत, मागे मागे जाणारी. माणसांचा आवाज नाही. श्वास नाही. नुसते पाय.

आणि खाली, पाण्याच्या तळाशी, काहीतरी सुटलं. होडीच्या बुडातून त्याला ते जाणवलं. जड. घसटत. येत होतं.

समीक्षानं एक हात तोंडावर दाबून धरला होता. दुसऱ्या हातात फोन. तिचे डोळे दोराच्या टोकाकडे होते, मिटले नाहीत तिनं. तिचा बाप तिथे, तीस पावलांवर... आणि ती एक शब्द बोलली नाही. धैर्य म्हणजे काय ते मला विचारू नका. तिला विचारा. ती सांगणार नाही.

नाळ वाळूला लागली. दोर खाली पडला, ओल्या वाळूवर, सापासारखा नाही, माणूस हातातून टाकतो तसा. दोघं उतरली. सुदेशनं नांगर वाळूत रोवला. दोर उचलायला तो वाकला नाही. मागे पाण्यात नायलॉन सैल लोंबत होतं, त्याचं टोक अजून खोल पाण्यात होतं. ती दोघं घरापर्यंत चालत गेली. कुणी मागे बघितलं नाही. घरी समीक्षाच्या आईनं, कमलाक्षीवहिनीनं, विचारलं उशीर का. सुदेश म्हणाला, इंजिन अडकलं.

रविवारी पहाटे पहिल्यांदा बघितलं ते शेण्या गोळा करायला निघालेल्या बायकांनी. त्यांनी ओरडून गाव गोळा केलं.

होडी होती तिथेच, नांगरावर. आणि होडीच्या पलीकडे, भरतीची रेघ ओलांडून, कोरड्या वाळूवर, सुरूच्या झाडांच्या मुळांशी सिमेंटचा ठोकळा. छातीएवढा उंच. वर लोखंडी कडी, शेवाळ लागलेली. कडीला नायलॉनचा दोर. पाण्यापासून झाडांपर्यंत वाळूत खोल चर पडला होता. चराच्या दोन्ही बाजूंना कोरड्या वाळूवर पाऊल नाही. टायर नाही. कुत्र्याचा पंजासुद्धा नाही.

ठोकळ्याच्या अंगावर ओतताना उमटवलेला आकडा आहे. त्याच साच्यातले, पुढचे-मागचे आकडे असलेले ठोकळे कंपनीनं धक्क्याची हद्द दाखवायला सोडलेल्या तरंगत्या पिंपांखाली आजही आहेत. गावातल्या पोरांनी बुड्या मारून त्यांचे फोटो काढले.

दुपारी कंपनीची क्रेन आली. ठोकळा उचलून न्यायला. आमचा नाही म्हणणारे लोक न्यायला कसे आले, हे त्यांना विचारा. कमलाक्षीवहिनी जाऊन ठोकळ्यावर बसली. मग बाकीच्या बायका बसल्या. क्रेनवाला परप्रांतातला गरीब पोर, त्यानं इंजिन बंद केलं आणि बिडी पेटवली. रात्रभर गाव तिथेच बसलं. घाबरून घरी गेलेलं कुणी नव्हतं, कारण घाबरण्यासारखं जे होतं ते आता उघड्यावर, वाळूत, सगळ्यांना हात लावता येईल असं पडलं होतं.

सोमवारी सुनावणी झाली. कंपनीचा वकील म्हणाला, गावकऱ्यांनी हा ठोकळा दुसरीकडून आणून ठेवला. साहेबांनी विचारलं, कशानं? वकिलानं पाणी मागितलं. समीक्षानं फोन पुढे केला. त्यात वेंगुर्ल्याची आते आहे, रेडीचा किनारा आहे, किल्ला आहे. मग अंधार, आणि फोनचा दिवा लागला तेव्हाही भिजलेल्या कॅमेऱ्यात नुसता धूसर उजेड. अंधारात इंजिन बंद पडल्याचा आवाज, एकदा 'बाबा', नंतर सुदेशचं ओरडणं, आणि त्यानंतर बराच वेळ बंद इंजिनाची होडी पुढे जात राहिल्याचा आवाज. साहेबांनी तो दोनदा ऐकला. तिसऱ्यांदा ऐकला नाही. वहिवाटीची वाट मान्य झाली. पाटी उतरली. जयरामची चौकशी पुन्हा उघडली आहे. ती बंद होऊ नये म्हणून केरीची माणसं महिन्याला पणजीला खेपा घालतात आणि घालत राहतील.

नवीन चौकशीत एका अधिकाऱ्यानं मत दिलं की ठोकळा भरतीनं वर आला असावा. येऊ दे. मुखावरची भरती माड उपटते, ठोकळाही आणेल म्हणू. पण सुदेशचा तो रापणीचा दोर, जो त्यानं अंधारात फेकला होता आणि ओल्या वाळूवर टाकून आला होता, तो सकाळी ठोकळ्याच्या कडीतून ओवलेला होता. दोन वेढे आणि वर रापणीची गाठ, ओढून बसवलेली. रात्री सुदेश घरी गेला तेव्हा ती कडी पाण्याखाली होती. गाठ अजून आहे. अधिकाऱ्यांनी तिचे फोटो घेतले, मोजमाप घेतलं, सुटत नाही म्हणून सोडून दिली. ती कुणी मारली, हे त्यांनी आजपर्यंत सांगितलेलं नाही.